डिप्लोमा फिल्म: विद्यार्थ्यांच्या एका निर्मितीसंस्थेची घडण

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरील फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट शिकायला आलेला विद्यार्थी जाताना एक चित्रपट मागे ठेवून जातो. या चित्रपटाला ‘डिप्लोमा फिल्म’ म्हणतात. त्याचा दिग्दर्शक, छायालेखक, ध्वनिलेखक आणि संकलक हे चौघेही विद्यार्थी असतात. निर्माता म्हणून नाव मात्र संस्थेचे लागते. पैसा, यंत्रे आणि चित्रीकरणाचा फ्लोअर संस्थेचा. गोष्ट, दृष्टी आणि चुका विद्यार्थ्यांच्या. काही वर्षांनी जुनी तुकडी जाते, नवी येते, पण यंत्रे, फ्लोअर आणि कामाची रीत टिकून राहते. या अर्थाने फिल्म इन्स्टिट्यूट ही शाळा आहे, तशीच विद्यार्थ्यांनी चालवलेली निर्मितीसंस्थाही आहे. पुढे विद्यापीठांच्या आवारात जी माध्यमकेंद्रे आणि रेडिओ केंद्रे उभी राहिली, त्यांच्यापुढचे प्रश्न तेच होते: साधने कोणाची, निर्णय कोणाचा आणि झालेले काम पाहणार कोण? या तीन प्रश्नांना वेळोवेळी मिळालेली उत्तरे म्हणजेच विद्यार्थ्यांच्या माध्यमनिर्मितीचा इतिहास.

स्टुडिओ हीच शाळा

चित्रपट शिकवण्याची जगातील पहिली सरकारी संस्था मॉस्कोत १९१९ साली स्थापन झाली. क्रांतीनंतरच्या त्या काळात कच्च्या फिल्मची इतकी टंचाई होती की लेव्ह कुलेशॉव्ह आणि त्यांचे विद्यार्थी फिल्मशिवायच चित्रपट ‘करत’. दृश्यांचे तुकडे पाडून ते रंगमंचावर एकामागून एक सादर करायचे आणि संकलनाचा अभ्यास त्यातूनच करायचे. साधन नसतानाही विद्यार्थ्याने व्याख्यान ऐकत बसू नये, काहीतरी घडवावे, हा विचार तेव्हापासून चित्रपटशिक्षणाच्या मुळाशी आहे.

भारतात हे काम बराच काळ स्टुडिओंनी केले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम घडले. रंगकाम, सुतारकाम, कॅमेरा, रसायने असे हाताला पडेल ते काम करत ते शिकले, आणि १९२९ साली सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ साली प्रभात पुण्यात आली. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ हे चित्रपट याच आवारात झाले.

मुंबईच्या उपनगरांतही हीच परंपरा होती. मालाडला १९३४ साली हिमांशू रॉय यांनी बॉम्बे टॉकीज उभारली. तिथे फ्रान्झ ओस्टेन आणि योसेफ विर्शिंग यांच्यासारख्या जर्मन जाणकारांच्या हाताखाली भारतीय तरुण तयार झाले. प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून आलेले अशोककुमार नट झाले. ध्वनी विभागातले शशधर मुखर्जी पुढे निर्माते झाले. १९४३ साली या मंडळींनी बाहेर पडून शेजारच्या गोरेगावात फिल्मिस्तान स्टुडिओ सुरू केला. गोरेगावचे चित्रपटाशी जडलेले नाते हे असे, एका कार्यशाळेतून दुसरी कार्यशाळा जन्माला यावी तसे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पगारी माणसांचे स्टुडिओ मोडू लागले. नट आणि तंत्रज्ञ चित्रपटागणिक करार करू लागले. त्याबरोबर उमेदवारीची ती जागाही गेली. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहायचे, तर उस्तादाला कायमचे घर हवे; ते उरले नाही. १९४९ साली भारत सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. समितीने १९५१ साली अहवाल दिला आणि चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था काढण्याची शिफारस केली. मद्रास आणि बंगळूरला चाळिशीच्या दशकात तंत्रशिक्षणाचे काही वर्ग सुरू झाले होते, पण लेखनापासून संकलनापर्यंतचा सगळा प्रवास एका छताखाली शिकवणारी संस्था देशात नव्हती.

प्रभात १९५३ साली बंद पडली. तिचे आवार सरकारने घेतले आणि १९६० साली तिथे फिल्म इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया स्थापन झाली. ज्या फ्लोअरवर तुकारामांचे देहू उभे राहिले होते, त्याच फ्लोअरवर आता विद्यार्थी दिवे लावू लागले. नव्या संस्थेला तयार स्टुडिओ मिळाला, आणि ‘करत शिकण्याची’ जुनी रीतही त्या जागेबरोबरच चालत आली.

चौघांचे युनिट

इन्स्टिट्यूटच्या सुरुवातीच्या रचनेत चार शाखा मुख्य होत्या: पटकथा व दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनिलेखन आणि संकलन. अभिनयाचा अभ्यासक्रम नंतर आला, मध्ये बंद झाला आणि पुढे पुन्हा सुरू झाला. चार शाखांतले चौघे मिळून एक युनिट होते, आणि विद्यार्थ्यांची प्रत्येक निर्मिती या युनिटच्या हातून होते. प्रथम छोटे सराव-चित्रपट, ज्यांना तिथे ‘एक्सरसाइज’ म्हणतात: संवाद नसलेला प्रसंग, मग दोन पात्रांचा संवाद, मग गाणे किंवा माहितीपट. शेवटी डिप्लोमा फिल्म.

या रचनेचे महत्त्व समजण्यासाठी कच्च्या फिल्मचा हिशेब पाहावा लागतो. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने धावते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. वीस मिनिटांच्या चित्रपटाला नुसती पडद्यावर दिसणारी फिल्म १,८०० फूट लागते. प्रत्येक शॉट सरासरी तीनदा घ्यायचा ठरवला, तर ५,४०० फूट. कॅमेऱ्यात भरलेला चारशे फुटांचा रोल सुमारे साडेचार मिनिटांत संपतो. विद्यार्थ्याला फिल्म मोजून मिळे. ती संपली की चित्रीकरण संपले. टेक घेण्याआधी किती वेळा तालीम करायची, कोणता शॉट गाळायचा, कुठे दोन शॉटचे काम एकात भागवायचे, हे सगळे कागदावर आधी ठरवावे लागे. चित्रित केलेली फिल्म प्रयोगशाळेतून धुऊन येईपर्यंत काय उमटले आहे हे कुणालाच ठाऊक नसे. धुऊन आलेली ही दृश्ये, म्हणजे रशेस, पाहताना चौघे एकत्र बसत. उजेड कमी पडला असेल तर छायालेखकाची चूक, माइकची सावली चौकटीत आली असेल तर ध्वनिलेखकाची, आणि या दोन्हींकडे लक्ष नव्हते ही दिग्दर्शकाची. संकलकाला यातूनच चित्रपट काढावा लागे.

म्हणून या संस्थेत निर्मिती हा परीक्षेनंतरचा उपक्रम कधीच नव्हता. शिक्षणाचा गाभाच तो होता. व्यवसायात निर्माता पैसे लावतो आणि म्हणून निर्णयात हात घालतो. इथे निर्माता म्हणजे संस्था. तिला तिकीटबारीची चिंता नव्हती. अपयशी चित्रपट काढण्याची मुभा विद्यार्थ्याला होती; अर्धवट चित्रपट सोडण्याची नव्हती.

घटक, नायर आणि पाहण्याची सवय

निर्मितीइतकेच पाहणे महत्त्वाचे, हे संस्थेत रुजवणाऱ्यांत दोन नावे ठळक आहेत. साठच्या दशकाच्या मध्यात ऋत्विक घटक काही काळ उपप्राचार्य होते. त्यांचा पुण्यातील मुक्काम थोडा, पण परिणाम मोठा झाला. मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. १९६५ साली घटकांनी विद्यार्थ्यांना घेऊन ‘फिअर’ हा लघुपट केला. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच युनिटमध्ये उभे राहिल्याचे ते उदाहरण आहे.

दुसरे नाव पी. के. नायर यांचे. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि नायर यांनी देशभर फिरून जुन्या चित्रपटांच्या प्रती मिळवल्या. संग्रहालय आणि इन्स्टिट्यूट एकाच रस्त्यावर असल्याने तिथले चित्रपट विद्यार्थ्यांच्या रोजच्या पाहण्यात आले. सतीश बहादूर यांचे रसग्रहणाचे वर्ग याच जोडीला होते. जपानी, रशियन, इटालियन चित्रपट पाहून रात्री आवारातल्या आंब्याच्या झाडाखाली वाद घालायचे, ही तिथली रीत झाली. त्या झाडाला विद्यार्थी ‘विजडम ट्री’ म्हणतात. कुंदन शहा यांच्या ‘जाने भी दो यारों’ (१९८३) मध्ये छायाचित्र मोठे करता करता खून उघडकीस येतो आणि बागेचे नाव इटालियन दिग्दर्शकावरून ‘अँटोनियोनी पार्क’ असते. ही पाहण्याच्या या सवयीची पावती आहे. त्या चित्रपटाच्या संकलक रेणू सलुजा याही इन्स्टिट्यूटच्याच.

युनिटचे सहकारात रूपांतर

डिप्लोमा फिल्म झाली की युनिट कागदोपत्री मोडते. पण चौघांनी एकत्र काम करण्याची सवय तशी मोडत नाही. अडूर गोपालकृष्णन यांनी १९६५ साली शिक्षण संपताच केरळात सहकाऱ्यांसह ‘चित्रलेखा’ ही चित्रपट सहकारी संस्था काढली; तिच्यातूनच १९७२ साली ‘स्वयंवरम’ आला. जॉन अब्राहम यांनी १९८४ साली ‘ओडेसा’ हा गट उभारला आणि लोकांकडून वर्गणी गोळा करून ‘अम्मा अरियन’ (१९८६) केला.

मराठी वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे ‘घाशीराम कोतवाल’ हा चित्रपट. विजय तेंडुलकरांच्या नाटकावरचा हा चित्रपट १९७६ साली इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांच्या ‘युक्त’ या सहकारी संस्थेने केला. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप अशा चौघांची नावे त्याच्या दिग्दर्शनाला आहेत. पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीचे कलावंत त्यात होते. मोहन आगाशे यांचा नाना फडणवीस पडद्यावर आला तो याच चित्रपटात. एका दिग्दर्शकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलेत चौघांनी मिळून सही करणे, हे डिप्लोमा फिल्मच्या युनिटचेच मोठे रूप आहे.

विद्यार्थ्यांच्या त्या काळच्या कामांतही पुढच्या कारकिर्दींची बीजे दिसतात. अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ (१९७४) या डिप्लोमा फिल्ममध्ये स्मिता पाटील यांनी काम केले. विधु विनोद चोप्रा यांच्या ‘मर्डर ॲट मंकी हिल’ला (१९७६) प्रायोगिक लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. श्रीराम राघवन यांची ‘द एट कॉलम अफेअर’ (१९८७) वर्तमानपत्राच्या पानांवर घडते. छापील स्तंभांतली माणसे तिथे जिवंत होतात. व्यवसायात अशी गोष्ट पहिल्या बैठकीतच नाकारली गेली असती.

दूरचित्रवाणी आणि विद्यापीठांचा प्रवेश

दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणाचा विभाग १९७१ साली दिल्लीत सुरू झाला आणि १९७४ साली पुण्यात आला. त्याच वर्षी संस्था स्वायत्त झाली आणि तिच्या नावात ‘टेलिव्हिजन’ हा शब्द आला. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले होते. प्रशिक्षित माणसांची गरज तातडीची होती.

व्हिडिओमुळे कॅमेरा विद्यापीठांच्या आवाक्यात आला. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात १९८२ साली अन्वर जमाल किडवाई यांच्या पुढाकाराने जनसंवाद संशोधन केंद्र निघाले. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केला. त्यासाठी कार्यक्रम तयार करणारी केंद्रे निवडक विद्यापीठांत उभी राहिली. पुणे विद्यापीठाचे केंद्र त्यांतले एक. या केंद्रांत निर्मिती होत असे ती मुख्यतः नेमलेल्या निर्मात्यांकडून. विद्यार्थी त्यात साहाय्यक किंवा प्रेक्षक राही. यंत्रे विद्यापीठात आली, पण निर्णय विद्यार्थ्याच्या हाती आला नाही. फिल्म इन्स्टिट्यूटशी तुलना केली की हा फरक उठून दिसतो.

आवाजाच्या माध्यमात तरुणांना जागा आधी मिळाली होती. आकाशवाणीच्या ‘युववाणी’ने १९६९ पासून तरुणांना माइकसमोर बसवले. पण आवाराला स्वतःचे केंद्र मिळायला २००२ च्या अखेरचे सरकारी धोरण यावे लागले. त्याने शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना खुला केला. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र देशात प्रथम सुरू झाले. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ २००५ साली १०७.४ मेगाहर्ट्झवर आली. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातून २००८ साली ‘मस्ट रेडिओ’ १०७.८ वर सुरू झाला. २००६ च्या धोरणाने निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक सहभागातून करण्याची अट घातली. प्रक्षेपणाची शक्ती शंभर वॉटच्या मर्यादेत ठेवली गेली, त्यामुळे आवाज काही किलोमीटरच पोहोचतो. विद्यार्थ्याला याचा एक फायदा होतो. ऐकणारा माणूस शेजारचा असतो. चुकीचे नाव किंवा अर्धवट माहिती गेली, तर दुसऱ्या दिवशी तो भेटून सांगतो.

देवनार: शहर हाच विषय

मुंबईत विद्यार्थ्यांच्या माहितीपटनिर्मितीला ठाम आकार दिला तो देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने. अंजली मॉन्टेरो आणि के. पी. जयशंकर यांनी तिथे माध्यमविभाग बांधला आणि २००७ साली माध्यम व संस्कृती अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. इथेही विद्यार्थी गटाने माहितीपट करतात आणि निर्माती संस्थाच असते, पण पुण्यापेक्षा वेगळी एक गोष्ट आहे. पुण्यात शाखा ठरलेल्या असतात. देवनारला प्रत्येकाने संशोधन, कॅमेरा, ध्वनी, संकलन या सगळ्यांतून जायचे असते. विषय बहुधा मुंबईतले: वस्त्या, कामगार, स्थलांतरित, आठवणी. १९९२–९३ च्या दंगलींना वीस वर्षे होत असताना विद्यार्थ्यांनी ‘रिमेम्बरिंग १९९२’ ही माहितीपटांची मालिका केली. त्या काळात जी अगदी लहान होती अशा मुलांनी कॅमेरा घेऊन घरोघरी जाऊन ऐकले. विद्यार्थ्यांच्या चित्रपटांसाठी ‘कट-इन’ हा महोत्सवही या विभागाने चालवला, त्यामुळे एका संस्थेचे काम दुसऱ्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना पाहता आले.

फिल्मपासून फाइलपर्यंत

डिजिटल कॅमेऱ्याने फुटांचा हिशेब संपवला. टेकची संख्या वाढवायला खर्च राहिला नाही, रशेस जागेवर दिसू लागल्या. मुंबई विद्यापीठाच्या माध्यमविषयक पदवी अभ्यासक्रमामुळे उपनगरांतल्या कितीतरी महाविद्यालयांत विद्यार्थी लघुपट करू लागले. साधनांची टंचाई ओसरली. त्याबरोबर कागदावर आधी विचार करण्याची सक्ती सैल झाली, आणि ती शिस्त म्हणून शिकवणे संस्थांना भाग पडले.

मधल्या काळात विद्यार्थ्यांचे चित्रपट दूरवर पोहोचले. उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’त घरात पिठाची गिरणी आल्यावर एका मुलाच्या आयुष्यात काय होते, ते चाकाच्या घरघरीतून ऐकू येते. या मराठी लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कान महोत्सवात जगभरच्या चित्रपटशाळांतील कामांसाठी १९९८ पासून स्वतंत्र विभाग आहे. पायल कपाडिया यांचा ‘आफ्टरनून क्लाउड्स’ २०१७ साली तिथे निवडला गेला. अश्मिता गुहा नियोगी यांच्या ‘कॅटडॉग’ला २०२० साली आणि चिदानंद नाईक यांच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टु नो’ला २०२४ साली तिथले पहिले पारितोषिक मिळाले. नाईक यांचा लघुपट दूरचित्रवाणी विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात, कन्नड लोककथेवर झालेला आहे.

निर्णय कोणाचा, हा प्रश्न मात्र मिटलेला नव्हता. २०१५ साली संस्थेच्या अध्यक्षपदाच्या नेमणुकीवरून विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. त्या दिवसांची दृश्ये पायल कपाडिया यांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ (२०२१) मध्ये आहेत. हा चित्रपट कानच्या उत्कृष्ट माहितीपटाच्या पुरस्काराचा मानकरी ठरला. संस्थेच्या इतिहासातला एक प्रसंग विद्यार्थ्यांच्याच कॅमेऱ्यातून दस्तऐवज होऊन उरला.

गोरेगाव आणि जतनाचा प्रश्न

महाराष्ट्र शासनाने १९७७ साली गोरेगावच्या पूर्वेला, आरे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला चित्रनगरी वसवली. २००१ साली तिला दादासाहेब फाळके यांचे नाव मिळाले. सुमारे ५२० एकरांच्या या आवारात व्यवसायाचे सेट लागतात. २००६ साली सुभाष घई यांची व्हिसलिंग वुड्स ही चित्रपटशाळा याच आवारात सुरू झाली, आणि गोरेगावात शिकणारे आणि व्यावसायिक पुन्हा एका कुंपणात आले. प्रभातच्या फ्लोअरवर पुण्यात जे झाले, त्याचे हे उलट रूप आहे: तिथे स्टुडिओ बंद झाल्यावर शाळा आली, इथे चालू स्टुडिओंच्या मध्ये शाळा आली.

उरलेला प्रश्न जतनाचा आहे. डिप्लोमा फिल्म बाजारात जात नाही. ती करणारे निघून जातात, मूळ प्रत संस्थेकडे राहते. २००३ साली इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठीला लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मवरचे अनेक जुने चित्रपट जळाले. प्रभातचा वारसाही त्यात होता. आग लागली नाही तरी व्हिडिओच्या फिती चिकटतात, त्यांना वाचणारी यंत्रे मोडीत निघतात, आणि हार्ड डिस्क वापरात नसतानाही बिघडते. उपनगरातल्या महाविद्यालयात गेल्या पंधरा वर्षांत झालेले लघुपट बहुधा अशाच डिस्कांवर आहेत. त्यांत गोरेगावच्या चाळी, आरेतले पाडे, गिरण्या सुटून इथे आलेली कुटुंबे आणि लोकलचा प्रवास आहे. व्यावसायिक चित्रपटाने क्वचितच टिपलेले हे शहर आहे.

फिल्म इन्स्टिट्यूटने विद्यार्थ्याच्या पहिल्या कामाला निर्माता म्हणून स्वतःचे नाव दिले. त्या नावाबरोबर प्रत सांभाळण्याची, तिची नोंद ठेवण्याची आणि ती पुन्हा दाखवण्याची जबाबदारी येते. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांच्या चित्रपटांची सूची करावी, दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा त्या जुन्या कामांचा खेळ आजच्या तुकडीसाठी लावावा. खर्च थोडा आहे. एवढे झाले तर नव्या युनिटला आपल्या आधी याच आवारात कोणी काय केले ते दिसेल, आणि तिथून पुढचे काम सुरू करता येईल.